झाडं लावायची ती सगळ्यात शेवटी: कोकणातली आपली जमीन मासे, मधमाश्या आणि रानजीवांसाठी कशी राखावी

दरवर्षी मे संपत आला की एकच विचारणा येते. "गावची जमीन नुसती पडून आहे. पक्षी, फुलपाखरं यावीत, वहाळात (ओढ्यात) मासे राहावेत असं वाटतं. कुठली झाडं लावू?" थोडं बोलणं झालं की कळतं, जेसीबी येऊन गेलेला आहे. झुडपं उपटून, मेरा (शेतांचे बांध) सपाट करून, वहाळातले धोंडे काठावर लोटून जमीन "साफ" झालेली आहे आणि आता तिथे दोनशे रोपं लावायची आहेत. ज्यांना बोलवायचं त्यांचीच घरं आधी मोडून झालेली असतात.

मनात असतं ते चांगलंच असतं, पण क्रम उलटा होतो. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. जूनपासून पुढच्या जूनपर्यंत पूर्ण एक वर्ष धरलं आहे आणि लागवड अगदी शेवटी ठेवली आहे. वीस गुंठ्यांचं आगर (नारळी-पोफळीची बाग) असो की दहा एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), टप्पे तेच राहतात.

टप्पा १: सातबारा आणि भावकी (मे महिना)

ताजा सातबारा आणि गटाचा नकाशा काढा. सातबाऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. खासगी वन, कूळ, पाण्याची किंवा वाटेची वहिवाट अशी नोंद असेल तर ती आत्ताच कळलेली बरी. खाडीकाठच्या जमिनीत कांदळवन (खारफुटी) असेल, तर सातबारा तुमच्या नावावर असूनही त्याला हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खासगी जमिनीवरच्या कांदळवनालाही हेच संरक्षण लागू आहे असं सांगितलं आणि त्याच्या कडेने ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. जमिनीवरचं मोठं झाड तोडायचं असेल तर राज्याचा १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नये.

कोकणातली निम्मी कामं कागदापेक्षा भावकीपाशी अडतात. जमीन सामायिक असेल तर गणपतीत सगळे जमतात तेव्हा विषय काढू, असं म्हणत थांबू नका. तोवर कुणीतरी साफसफाईची सुपारी देऊन मोकळा होतो. मेमध्ये चाकरमानी येतात तेव्हाच बसा आणि "काय करायचं नाही" एवढंच कागदावर लिहून घ्या: आग लावायची नाही, तणनाशक मारायचं नाही, विचारल्याशिवाय झाड तोडायचं नाही, वहाळात जेसीबी उतरवायचा नाही. या चार गोष्टींवर सगळे तयार झाले की पुढचं सोपं जातं.

टप्पा २: वर्षभरात चार फेऱ्या, हातात नकाशा

या फेऱ्यांत काहीही करायचं नाही, फक्त पाहायचं आणि नकाशावर मांडायचं; पुढचे टप्पे सोबत चालू राहतात. लोक हाच टप्पा गाळतात.

पहिली फेरी जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं, कुठून खाली उतरतं, ते निळ्या पेन्सिलीने काढा. दुसरी फेरी ऑगस्टअखेर, फुलांसाठी. तिसरी डिसेंबरात, गवत वाळलेलं असताना बिळं, वारुळं आणि वाटा पाहायला. चौथी एप्रिलच्या शेवटी, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात मोलाची, कारण त्या दिवशी जिथे ओल शिल्लक असेल तिथेच तुमच्या जमिनीतले बहुतेक जीव जमलेले असतात.

नकाशावर काय काय यायला हवं? पोकळी असलेली जुनी झाडं, उभी वाळलेली झाडं, वड-पिंपळ-उंबर, वारुळं, उघड्या मातीचे दरड-काठ, उन्हाळ्यातही न आटणारे डोह, खुंटांना फुटलेले फुटवे, आणि गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती.

गडग्याजवळ जरा थांबा. आमच्या मागच्या गडग्यात सातेरीचं मोहोळ आहे. बाहेरून दिसते ती जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधली बोटभर फट, काठाला मेणाचा काळपट वळ आणि सकाळी नऊच्या उन्हात मागच्या पायांवर पिवळे गोळे घेऊन आत शिरणाऱ्या माश्या. त्या फटीवरून मी पाच वर्षं रोज जात-येत होते, आणि मोहोळ दिसलं ते एकदा टेकून बसले तेव्हा. सातेरी माशी झाडाची ढोली, वारूळ, भिंतीची फट अशा अंधाऱ्या पोकळीतच राहते. गडगा सिमेंटने बांधून काढला की तिचं घर गेलं, शिवाय सरडे, विंचू, साप, मुंगूस यांचंही. गडगा ढासळला असेल तर कोरडाच रचून घ्या.

सावधान: जमिनीत सडा (जांभ्याचा उघडा, सपाट कातळ) असेल आणि सातबाऱ्यावर "पोटखराब" (लागवडीला अयोग्य) लिहिलेलं असेल, तर ती जागा वाया गेलेली समजू नका. उन्हाळ्यात जो कातळ तव्यासारखा तापतो, त्याच्यावरच्या इंचभर मातीत पावसाळ्यात सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद, सोनकी, तेरडा फुलतात. कोकण दीपकाडीसारखी या सड्यांची खास वनस्पती जूनमध्येच पांढरी फुलून जाते. सड्यावरच्या उथळ डबक्यांत बेडूक अंडी घालतात. तिथे सुरुंग लावून खड्डे पाडणं, बाहेरून माती आणून भरणं, "ओसाड आहे म्हणून" झाडं लावणं, हे तिन्ही टाळा. सड्यासाठी करण्यासारखं एकच काम आहे: गाड्या आणि डंपर तिथे उभे राहू देऊ नका.

टप्पा ३: आधी थांबवा

नुकसान चालू असताना भर घालणं म्हणजे फुटक्या कळशीत पाणी ओतणं. चार गोष्टी पहिल्याच पावसाळ्यात बंद व्हायला हव्यात.

फासे. रानडुकरांसाठी मोटारसायकलच्या क्लचवायरचे फासे कुंपणाच्या भोकांत लावलेले असतात, आणि त्यांत बिबटे अडकून मरतात. तुम्ही लावले नसले तरी तुमच्या कुंपणात दुसऱ्याने लावलेले असू शकतात, म्हणून महिन्यातून एकदा कुंपणाची पूर्ण फेरी मारा आणि दिसेल तो फास काढून टाका. कुंपणात घरगुती वीज सोडणं हा तर माणसं मारण्याचा प्रकार आहे. अडकलेला प्राणी दिसला तर जवळ जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. खवले मांजराचं बीळ सापडलं तर त्याचा फोटो किंवा ठिकाण कुठल्याच ग्रुपवर टाकू नका, कारण तस्करीसाठी मागावर असलेली माणसं याच वाटेने पोचतात.

वहाळातलं विष. डोहात ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून, नाहीतर वीज सोडून मासे पकडले जातात. एका दुपारच्या कालवणासाठी डोहातले मासे, पिल्लं, खेकडे, झिंगे, पाण्यातले किडे सगळेच मरतात. वाडीत हे नीट बोला, आणि पहिल्यांदा ज्यांना गळ टाकायची आवड आहे त्यांच्याशी बोला. डोह राखण्यात त्यांचाच सगळ्यात जास्त फायदा असतो.

तणनाशक. मेरांवर, पाणंदीच्या कडेला आणि वहाळापासून निदान पन्नास पावलांत तर अजिबात नको.

ग्रासकटर. यंत्र हातात आलं की माणूस थांबत नाही, मी स्वतः पाहिलं आहे. गणपतीआधी सगळं गवत एका दमात कापलं जातं, नेमकं तेरडा-सोनकी फुललेली असताना. पायवाट आणि घराभोवतीचं अंगण कापा. बाकी मेरांपैकी एक कापा, एक सोडा, आणि सोडलेली मेर बी पडून गेल्यावर, नोव्हेंबरात कापा. पुढच्या वर्षी पाळी उलटी करा.

भातशेती अजून चालू असेल आणि राब भाजत असाल (रोपांसाठीची जमीन पाला पसरून भाजणं), तर कवळ, म्हणजे त्यासाठीच्या डहाळ्या, तोडताना झाडाचा शेंडा ठेवा, पूर्ण बोडकं करू नका. शेणखत घालून गादीवाफ्यावर केलेला तरवाही (भाताची रोपं) चांगला येतो. एक वाफा करून पाहा, पटलं तर पुढच्या वर्षी वाढवा.

तपासणी: सप्टेंबरअखेर स्वतःला विचारा. फासे निघाले का? तणनाशकाचा डबा घरातून गेला का? ही दोन उत्तरं "हो" नसतील तर पुढच्या टप्प्याला हात घालू नका.

टप्पा ४: रानमोडी आणि घाणेरी काढणं (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

इथे मात्र साफसफाई हवीच, पण निवडून. रानमोडीला हिवाळ्यात फुलं येतात आणि मग केसाळ बी वाऱ्यावर उडून सगळीकडे पसरतं. म्हणून ती फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटायची. ऑक्टोबरात दोन हातांनी येणारं रोप जानेवारीत कुदळीशिवाय हलत नाही, आणि तोवर ते बी धरायला लागलेलं असतं. दर वर्षी फेब्रुवारीत कोयत्याने रानमोडी छाटणारे लोक प्रत्यक्षात बी झटकून पसरवत असतात, आणि बुंध्यातून दुप्पट फुटवा येतो तो वेगळाच.

घाणेरीची (कुणी टणटणी म्हणतात) तऱ्हा निराळी. वरून छाटून ती मरत नाही. मातीखाली दोन-तीन इंचांवर मुळाचा गड्डा कुदळीने तोडा आणि झुडूप मुळं वर करून उलटं टाका, म्हणजे पुन्हा रुजत नाही. मात्र सगळी घाणेरी एकाच वर्षी काढू नका. तिच्या जाळीत ससे, लावे, मुंगसं लपतात आणि फुलपाखरं तिच्या फुलांवर येतात. दर वर्षी एक तृतीयांश काढा, आणि रिकाम्या झालेल्या जागी गावठी झुडपं उभी राहतात का ते पाहून पुढे जा.

काढलेला पाला जाळू नका. आंब्या-काजूच्या आळ्यात पसरा, बी नसेल तर उत्तम आच्छादन होतं.

सावधान: मजुरांना "झुडपं काढा" असं मोघम सांगितलं की करवंद, तोरण, दिंडा, धायटी, कुडा सगळंच जातं. पहिल्या दिवशी सोबत राहा आणि ठेवायच्या झुडपांना लाल चिंधी बांधा. चिंधी असेल त्याला कोयता लावायचा नाही, एवढं सगळ्यांना कळतं.

टप्पा ५: पाणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पाऊस गेल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत वहाळाची धार कमी झाली की पोत्यांचा वनराई बंधारा घाला. दोन्ही काठांना खडक असलेली अरुंद जागा निवडा. कमरेपेक्षा उंच बांधू नका. आणि तळाशी एक पाईप किंवा माथ्यावर एक खाच ठेवाच, म्हणजे खाली सतत धार चालू राहील. बहुतेक जण एकेक थेंब अडवायच्या उत्साहात बंधारा पूर्ण बंद करतात. वरती छान तलाव दिसतो, आणि खालचे डोह डिसेंबरातच आटून त्यांतले मासे बगळ्यांच्या तोंडी जातात.

तपासणी: बंधारा घातल्यावर आठ दिवसांनी खाली शंभर पावलं चालत जा. वाहतं पाणी दिसलं नाही तर खाच खोल करा.

आता उलटी बाजू. बंधारा मे संपायच्या आत काढायचा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खालचे मासे अंडी घालायला वर चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, कुठे वलगणीचे मासे म्हणतात. ते ओढ्यातून पाटात, पाटातून मळ्यांच्या उथळ पाण्यात शिरतात आणि अंडी घालतात. एका वर्षी घरातल्या लग्नाच्या गडबडीत माझा बंधारा काढायचा राहिला. पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन गेले, तर पोत्यांच्या खाली पाणी पांढरं झालं होतं. मासे उसळून पोत्यांवर आपटत होते, घसरून खाली पडत होते, पुन्हा उसळत होते. काहींची पोटं अंड्यांनी टच्च भरलेली. खाली चारजण बादल्या घेऊन उभे होते आणि त्यांना चालून आलेलंच मिळत होतं. मी पोती ओढायला लागले तोवर निम्मे संपले होते. तेव्हापासून कॅलेंडरवर २० मे या तारखेला लाल गोल असतो. पोती काढून घरी आणायचीही असतात, नाहीतर प्लास्टिक फाटून पुढे खाडीत जातं.

चढणीचे मासे धरण्याची जुनी रीत आहे आणि ती कुणी एका दिवसात सोडणार नाही. पण आपल्या हद्दीतल्या वहाळात पहिले पंधरा-वीस दिवस कुणी आडवं जाळं किंवा सापळा लावायचा नाही, एवढं ठरवता येतं. अंडी घालून झालेले मासे उतरताना मिळतातच.

जमिनीत शिरायला रस्ता करताना वहाळावर सिमेंटचा पाईप टाकतात. पाईपाचं खालचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर लटकत राहिलं, तर मासा तिथून कधीच वर जाऊ शकत नाही, वर कितीही चांगले डोह असोत. पाईप मोठ्या व्यासाचा घ्या आणि त्याचा तळ वहाळाच्या तळापेक्षा वीतभर खाली बसवा. आत वाळू-गोटे साठले की मासे ये-जा करतात. आधीच चुकीचा बसला असेल तर खालच्या बाजूला धोंडे पायरी-पायरीने रचून पाणी पाईपाच्या तोंडापर्यंत चढवा.

"गाळ काढून देतो" म्हणून वहाळात जेसीबी उतरवू नका. तो डोह, धोंडे, काठाची मुळं सगळं एकसारखं सपाट करतो. माशांना धोंड्यांच्या खालची सावली लागते, खेकड्यांना काठाची बिळं, आणि सगळ्यांना झाडांची सावली. एप्रिलच्या उन्हात उघड्या डोहाचं पाणी कोमट होतं, त्यातला प्राणवायू घटतो. काठावरचं करंज, जांभूळ, ताम्हण, उंबर, केवडा हे वहाळाचं छप्पर आहे. दोन्ही काठांचा निदान दहा-पंधरा फुटांचा पट्टा कोयत्याशिवाय राहू द्या.

पोफळीच्या बागा बहुतेक वहाळाला लागूनच असतात. कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारावं लागतं, ते मान्य. पण मोरचुदातलं तांबं माशांना विषारी आहे. उरलेलं मिश्रण आणि पंपाचं धुवण वहाळात ओतायचं नाही. बागेतच वहाळापासून लांब एक खड्डा करा आणि पंप कायम तिथेच धुवा. आंब्यावरच्या फवारणीचा पंप धुताना तर जास्त जपा. लॅम्डा सायहॅलोथ्रीन, सायपरमेथ्रीन यांसारखी कृत्रिम पायरेथ्रॉईड अगदी थोडी पाण्यात गेली तरी मासे आणि झिंगे मरतात.

भाताच्या मळ्यांत सप्टेंबरला पाणी ओसरतं तेव्हा जूनमध्ये जन्मलेली पिल्लं अडकतात. सगळ्यात खालच्या मळीच्या कोपऱ्यात गुडघाभर खोलीचं डबकं करा आणि तिथून पाटापर्यंत चर ठेवा.

शेततळं असेल, प्लास्टिक अस्तराचं, तर ते प्राण्यांसाठी मरणाचा सापळा असतं. पाणी प्यायला उतरलेला भेकर, साळिंदर, साप गुळगुळीत उतारावरून वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना काथ्याच्या जाड दोरांची जाळी सोडा, वरच्या टोकाला खुंटीला घट्ट बांधून. उघड्या विहिरीला कठडा घाला. गवे आणि बिबटे विहिरीत पडल्याच्या बातम्या दर वर्षी असतात. तळ्यात थाई मांगूर सोडू नका, देशात तो पाळायला बंदीच आहे. टिलापिया आणि डासांसाठी मिळणारे गप्पीही वहाळाशी जोडलेल्या पाण्यात नकोत, कारण पावसात तळं भरून वाहतं आणि ते वहाळात उतरतात. डास खाणारे देशी मासे आपल्याच पाटात असतात: पृष्ठभागाजवळ तरंगणारे, डोक्यावर चमकता ठिपका असलेले छोटे. ओंजळभर आणून सोडले की पुरे.

खाडीकाठी जमीन असेल तर एकच सांगते. खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाड्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, नीट चालतील एवढं पाहा, आणि बांधावर आपोआप रुजलेल्या चिप्पी-तिवराला उपटू नका. कांदळवनाच्या मुळांत बोयीची पिल्लं, कोळंबी, चिंबोऱ्या वाढतात आणि त्याच पुढे जाळ्यात येतात.

टप्पा ६: वणवा येण्याआधी (डिसेंबर)

वणव्याच्या भीतीने सगळं रान भुंडं करणं ही सर्रास होणारी चूक आहे. लागते ती फक्त जाळरेषा. हद्दीवर बारा-पंधरा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, पालापाचोळा आत ओढून, माती दिसेपर्यंत स्वच्छ करायचा. डिसेंबरअखेर हे काम संपलं पाहिजे. फेब्रुवारीत आग लागायला सुरुवात झाल्यावर कोयते शोधण्यात अर्थ नाही. रस्त्याच्या बाजूला पट्टा दुप्पट रुंद ठेवा, कारण बहुतेक वणवे वाटेवरच्या बिडीने किंवा शेजारच्या पेटवलेल्या गवताने सुरू होतात. जमीन दोन एकरांपेक्षा मोठी असेल तर मधूनही एक आडवी रेषा काढा.

शेजाऱ्यांना आधी विचारा: तुम्ही गवत कधी भाजणार? त्या दिवशी हजर राहा. एका पिंपात पाणी आणि हाताशी ओल्या डहाळ्या ठेवा, गवताची आग झोडपूनच विझते.

पट्टा वगळून आतला पाचोळा तसाच राहू द्या. ओलसर पाचोळ्यातच काजव्यांच्या अळ्या वाढतात.

टप्पा ७: मोहोर (डिसेंबर ते एप्रिल)

आंबा आणि काजू दोन्हींच्या फळधारणेला कीटक लागतात. आंब्याच्या मोहोरावर साध्या माश्या, फुलोरी आणि सातेरी मधमाश्या, डंख नसलेल्या इवल्या मधमाश्या सगळ्या राबतात. तरी तुडतुडे आणि काजूवरचा ढेकण्या या किडींसाठी याच दिवसांत फवारणी होते. फवारूच नका असं मी म्हणणार नाही. ज्यांचं वर्षाचं घर हापूसवर चालतं त्यांना ते सांगणं सोपं नाही. पण क्रम पाळता येतो.

पहिली फवारणी मोहोर फुटत असताना, फुलं उमलायच्या आत घ्या. फुलं उमलल्यावर प्रत्येक फवारणीआधी दहा झाडांचे मोहोर हलवून पाहा, तुडतुडे खरोखर आहेत का. नसतील तर वेळापत्रकात लिहिलंय म्हणून पंप चालू करू नका. घ्यावीच लागली तर सूर्य मावळताना घ्या. सकाळी नऊ ते दुपार हा माश्यांचा कामाचा वेळ आहे. दोन-तीन औषधं एकत्र कालवणं बंद करा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस वाचा, दुकानदाराची नको. शेजारी कुणाच्या मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी कळवा.

कोकमाबाबत एक गोष्ट. रातांब्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. "हे फळ देत नाही" म्हणून नर झाड तोडलं, तर आजूबाजूच्या मादी झाडांना पराग कुठून मिळणार? प्रत्येक वाडीत काही नर राखा.

याच काळात धनेश, म्हणजे आपल्याकडचा ककणेर, ढोलीत बसतो. मादी ढोलीचं तोंड आतून लिंपून स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. तुमच्या नकाशावरच्या पोकळ झाडाखाली उंबर-वडाच्या बियांचा सडा आणि विष्ठा दिसली तर पावसाळा येईपर्यंत तिथे जाणं कमी करा. फोटोसाठी माणसं तर मुळीच नेऊ नका. नर घाबरून आला नाही तर आतली मादी आणि पिल्लं उपाशी राहतात.

टप्पा ८: बंधारा काढा, बी गोळा करा, दिवे मालवा (मे)

बंधाऱ्याचं वर सांगितलंच. याच महिन्यात करंज, सुरंगी, कुडा, बेहडा यांचं गावातलं बी हाताशी ठेवा. जांभूळ आणि रातांब्याचं बी वाळवून ठेवता येत नाही. फळ खाल्ल्यावर आठवड्याच्या आत पिशवीत लावा. बाहेरून रोपं आणण्याऐवजी गावच्याच झाडाचं बी घ्या, ते इथल्या पावसाला आणि कातळाला सरावलेलं असतं.

मेअखेर काजवे चमकू लागले की अंगणातले मोठे पांढरे दिवे रात्री बंद ठेवा. काजव्याचा नर उजेडानेच मादीला शोधतो, आणि त्या फ्लडलाइटमध्ये त्याचा दिवा दिसत नाही.

टप्पा ९: आता लागवड (दुसरा जून)

लावण्याआधी नकाशावरचे खुंट बघा. ऐन, किंजळ यांचे तोडलेले खुंट वर्षभर कोयत्यापासून वाचले असतील तर त्यांना मनगटाएवढे फुटवे आलेले असतील. मुळं जुनी असल्याने ते कुठल्याही रोपापेक्षा लवकर वाढतात. प्रत्येक खुंटावर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा. निम्मं जंगल तिथेच उभं राहतं, एक रुपया न घालता.

मग फुलांचा रिकामा काळ शोधा. कोकणात उन्हाळ्याच्या तोंडाला फुलं भरपूर असतात: आंबा, काजू, सावर, पांगारा, धायटी, सुरंगी, पुढे जांभूळ आणि करंज. खरी उपासमार पावसाळ्यात होते. त्या चार महिन्यांत मधमाश्या दिंडा, लाजाळू, तेरडा, सोनकी, कुर्डू आणि बारमाही फुलणाऱ्या नारळावर तग धरतात. म्हणून आधी पावसाळी झुडपं आणि मेरांवरचं गवत, मग सातवीण (पावसानंतर फुलते), मग बाकीचं. फुलपाखरांना नुसता मध पुरत नाही, अळ्यांसाठी पाला हवा. लिंबू आणि कढीलिंब अळ्यांनी खाल्लेला दिसला तर औषध मारू नका. त्यातून मॉरमॉन जातीची फुलपाखरं निघतात, आणि आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळावर वाढतं. एक उंबर कुठेतरी वहाळाजवळ लावाच, बाकी काही फळत नसतं तेव्हाही त्याला फळं असतात.

वीस गुंठ्यांना पंचवीस-तीस रोपं पुरतात. दीड फुटाचा खड्डा, शेणखत, उतारावर वरच्या बाजूने अर्धचंद्राकार आळं. पाऊस लागल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत लावा, म्हणजे पावसाळाभर मुळं खाली जातात. आकेशिया, नीलगिरी, गुलमोहर फुकट मिळाले तरी नको. गिरिपुष्प कुंपणाला ठीक, हिरवळीचं खतही देतो, पण आत पसरू देऊ नका.

सावधान: सड्यावर, वारुळाजवळ, आणि उघड्या मातीच्या दरडीवर काहीच लावायचं नाही. जमिनीत बिळं करणाऱ्या एकट्या मधमाश्यांना उघडी, उन्हाची, कोरडी माती लागते.

डिसेंबरात जाळरेषा काढताना प्रत्येक रोपाभोवती हातभर पाचोळा घाला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी पाणी, शक्य असेल तिथे बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरून. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, तिसऱ्यात बंद. रोप मेलं तर पुढच्या जूनमध्ये तिथे तीच जात पुन्हा लावू नका. आजूबाजूला आपोआप काय उगवलंय ते पाहा आणि तेच राखा. आणि चारही फेऱ्या त्याच तारखांना, त्याच वाटेने, जुना नकाशा हातात घेऊन पुन्हा करा.